मुख्यमंत्र्यांची यादी आणि तिच्यात न मावणाऱ्या गोष्टी

(वरवंड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी उभा राहून बोलतो. सत्तरी ओलांडली असली तरी आवाज अजून वर्गातलाच आहे.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री : एक इतिहास’. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. फोनवर मी म्हटलं, अहो, इतिहासाचा माणूस बोलवा. तर ते म्हणाले, सर, इतिहासाचे दोघे येऊन गेले, दोघांनीही यादीच सांगितली. म्हटलं, मग येतो. तेव्हा आज मी यादी सांगणार नाही, यादीवर टीका करणार आहे. म्हणजे पुस्तकाचं परीक्षण करतात ना, तसं या यादीचं परीक्षण. कारण ती एक प्रकारचं पुस्तकच आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त पाठ केलं जाणारं पुस्तक म्हटलं तरी चालेल.

आत्ता इथे येताना एका अभ्यासिकेत डोकावलो. स्पर्धा परीक्षेची पोरं बसली होती. भिंतीवर तक्ता. वीस फोटो, खाली नाव, खाली ‘पासून-पर्यंत’. यशवंतराव चव्हाणांपासून सुरुवात, शेवटी देवेंद्र फडणवीस. एका मुलाने तारखांसकट सगळं म्हणून दाखवलं, कुठे अडखळला नाही. मी त्याला विचारलं, यांना निवडलं कुणी? तो म्हणाला, जनतेने. मी म्हटलं, तुझ्या आईने मत दिलं होतं का यांच्यातल्या एखाद्याला? तो हसला. म्हणाला, नाही सर, आमचा मतदारसंघ दौंड.

आता हे हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या त्या उत्तरातच माझं आजचं सगळं भाषण आहे.

राज्यघटनेचं १६४ वं कलम उघडून बघा. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं, आणि सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. ‘जनतेने निवडलेला मुख्यमंत्री’ हा शब्दप्रयोग तिथे नाही. आपण निवडतो आमदार. आमदार निवडतात नेता, असं आपण म्हणतो. आणि पुष्कळदा आमदारही निवडत नाहीत, ते एका ओळीचा ठराव करतात की नेता ठरवण्याचे अधिकार अमुक अमुक यांना दिले. म्हणजे एका खुर्चीला तीन मतदार झाले. एक मतदानकेंद्रावरचा, एक विधिमंडळ पक्षातला, आणि एक जो यापैकी कुठेच नसतो, फक्त फोनवर असतो. यादी या तिघांना एकाच रकान्यात घालते. माझी पहिली तक्रार ही.

आणि कृपा करून असं समजू नका की हा तिसरा मतदार इंदिराबाईंच्या काळात जन्माला आला. पार मागे चला. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. तेव्हा मुख्यमंत्री हा शब्दही नव्हता, प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत. मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. मुंबई शहरातल्या लोकांना वाटत होतं, आपले वीर नरिमन होणार. झाले बाळासाहेब खेर. नरिमन यांनी सरदार पटेलांवर जाहीर नाराजी व्यक्त केली, चौकशी झाली, आणि निकाल नरिमन यांच्या विरोधात गेला. खेर सज्जन माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण वाद त्यांच्या सज्जनपणाचा नव्हताच. निवड कुठल्या खोलीत होते याचा होता.

तिकडे नागपूरला, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान. १९३८ साली त्यांनी सहकाऱ्यांशी वाद झाल्यावर राजीनामा देऊन, राज्यपालांच्या साहाय्याने, नवं मंत्रिमंडळ बनवलं. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना जायला लावलं, रविशंकर शुक्ल आले. ते सगळं घडलं वर्ध्यात. म्हणजे ‘दिल्लीचा फोन’ हा खरं म्हणजे आधी ‘वर्ध्याची बैठक’ होता. आपल्याच मातीत, गांधीजी हयात असताना. हे सांगताना मला आनंद होत नाही, पण विद्यार्थ्याला हे ठाऊक नसेल तर पुढचं सगळं त्याला एका बाईचा स्वभाव वाटतो.

या निवडणुकांत मत कुणाला होतं? जमीनमहसूल ठरावीक रकमेच्या वर भरणाऱ्याला, आयकर भरणाऱ्याला, थोडं शिक्षण झालेल्याला. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, जुनी माणसं घोडनदी म्हणायची तो भाग. भीमा ओलांडली की तुमचा दौंड तालुका. माझे आजोबा कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन करायचे, त्यांना मत नव्हतं. खेरांच्या काळात कूळकायदा झाला, १९३९ चा, मग १९४८ चा, मग १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन, त्या दिवसापासून कूळ मालक समजला गेला. तोवर खेर गेले, मोरारजी गेले, यशवंतराव आले होते. आजोबांच्या सातबाऱ्यावर या तिघांपैकी कुणाचंच नाव नाही. पण जमीन मिळाली ती या तिघांच्या मिळून केलेल्या कायद्याने. हा धागा धरून ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

यादी सुरू कुठे करायची, हाही एक प्रश्न आहे, आणि तो दिसतो तितका परीक्षेपुरता नाही. आपण इथे पुण्याच्या बाजूला बसून खेर, मोरारजी, यशवंतराव अशी रांग लावतो. पण नांदेडच्या माणसाची रांग वेगळी आहे. तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्याचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव. नागपूर-यवतमाळच्या माणसाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, कारण तो जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक, या महाराष्ट्राच्या दुसऱ्या आणि सर्वांत जास्त काळ टिकलेल्या मुख्यमंत्र्यांनी आमदारकीची सुरुवात केली ती मुंबईत नव्हे, नागपूरच्या त्या जुन्या विधानसभेत. म्हणजे मराठी माणसाच्या सत्तेच्या इतिहासाला तीन तोंडं आहेत. तक्ता एकच तोंड दाखवतो, १ मे १९६०. आणि मग विदर्भातले, मराठवाड्यातले लोक आम्हाला कुणी विचारत नाही म्हणाले की आपण त्यांना कुरबुरे ठरवतो.

आता त्या १ मे १९६० कडेच बघू. मंगल दिवस. मी शाळेत होतो, आम्हाला पेढा मिळाला होता. पण तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने पेढा खाऊन झाल्यावर तरी विचार करावा. त्या दिवशी कुणी मत दिलं? कुणीच नाही. सभागृह १९५७ ला निवडलेलं होतं, द्विभाषिक मुंबई राज्यासाठी. आणि त्या १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं देऊन काँग्रेसला आडवं केलं होतं. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून निसटते आले. काँग्रेसचं बहुमत टिकलं ते गुजरातेतल्या आणि विदर्भातल्या जागांवर. म्हणजे ज्या मुलुखाने राज्य मागितलं, रक्त सांडलं, त्या मुलुखाने ज्या पक्षाला नाकारलं होतं, त्याच पक्षाच्या हातात मंगल कलश आला.

यशवंतरावांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. उलट त्यांची थोरवी मला इथेच दिसते. आपल्याकडे जनादेश अर्धाच आहे हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी विरोधकांशी बोलणं सोडलं नाही, म्हणून जिल्हा परिषदा आणल्या. वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती, तिच्या अहवालावर १९६१ चा कायदा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती. ज्याच्या हातात सत्ता आहे तो स्वतःहून सत्ता खाली देतोय, हे इतिहासात फार वेळा घडत नाही. यादी मात्र त्यांना मान देते तो ‘पहिले’ म्हणून. पहिला कोणीतरी असणारच होता हो!

जाता जाता एक. यशवंतरावांचं ‘कृष्णाकाठ’ तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. सुरेख मराठी. पण ते थांबतं कुठे? १९४६ च्या सुमाराला, सत्तेच्या दाराशी. पुढचे दोन खंड व्हायचे राहिले, १९८४ ला ते गेले. आपल्या राजकारणातलं सर्वांत चांगलं आत्मचरित्र सत्ता सुरू होण्याआधी संपतं. पुढची कहाणी आपल्याला मिळते ती गौरवग्रंथांतून, स्मरणिकांतून आणि ‘त्या रात्री नेमकं काय घडलं’ छापाच्या लेखांतून. गौरवग्रंथाबद्दल मी काही बोलत नाही, त्यात मीही लिहिलंय, मानधन घेऊन. त्यातल्याच एका लेखाची गोष्ट पुढे सांगतो.

माझी दुसरी तक्रार अशी की यादी कामाचे तुकडे पाडते. रोजगार हमी घ्या. १९७२ चा दुष्काळ इथल्या साठीपुढच्या कुणालाही सांगायला नको. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणं, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आकडा नीट ऐका, ५० लाख. माझी आई त्यात एक होती. मी पुण्यात तर्कशास्त्र शिकत होतो आणि आई खडी फोडत होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका स्मरणिकेत लेख लिहिला. त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं की रोजगार हमी ही वसंतराव नाईकांनी महाराष्ट्राला दिलेली देणगी. घरी गेलो, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कोण नाईक? म्हटलं, अगं तेव्हाचे मुख्यमंत्री. ती म्हणाली, तेव्हा तर इंदिराबाई होती. तिला मुकादमाचं नाव आठवत होतं, मस्टरवर अंगठा कुठल्या वारी घ्यायचे ते आठवत होतं, एका आठवड्याचा पगार बुडाला होता तो तर पक्का आठवत होता. नाईक आठवत नव्हते. मला वाईट वाटलं, माझ्या लेखाचं. तिचं काही चुकलं असं मात्र तेव्हाही वाटलं नाही.

मग मी नीट शोधायला बसलो. कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती, मुख्यमंत्री कधीच नव्हते, म्हणून तक्त्यावर त्यांचा फोटो नाही. साठच्या दशकात सांगली जिल्ह्यात तासगावकडे त्यांनी तो प्रयोग मांडला. राज्यभर योजना म्हणून आली ती १९७२ ला, वसंतराव नाईक असताना. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, १९७५ ला. तोवर शंकरराव चव्हाण आले होते. कायदा विधिमंडळात मंजूर झाला १९७७ ला, वसंतदादा मुख्यमंत्री. आणि अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा शरद पवार. चार मुख्यमंत्री! आणि हे चौघं काही एकमेकांचे जिवलग नव्हते. एकाने दुसऱ्याला खाली खेचून हे चौघं आले-गेले. पण योजना पुढे सरकत राहिली. कारण सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी सभागृहात ती उचलून धरली, आणि खाली मस्टरवर ५० लाख अंगठे होते. शहरातला पगारदार दर महिन्याला कर भरतोय आणि खेड्यातली बाई कामाची हमी मागतेय, हे नातं कायद्याने बांधलं गेलं. देशभर तसा कायदा यायला पुढे २००५ उजाडलं. या सगळ्याचं श्रेय एका फोटोखाली लावणं, हा न्यायशास्त्रात ज्याला काकतालीय म्हणतात तो प्रकार. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं.

महाभारतात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की राजाच काळाचं कारण असतो, यात शंका नको. भीष्मांनी सांगितलं ते राजाला, जबाबदारी टाळू नकोस म्हणून. आपण ते उलटं करून राजाची स्तुती करायला वापरतो.

आणि हे फक्त चांगल्या कामाबद्दल नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. शरद पवारांना शपथ घेऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते. मराठवाडा पेटला, दलितांची घरं जळली, माणसं मेली. अंमल झाला १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार म्हणून. तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवार. मधल्या काळात आणखी सहा जण खुर्चीवर बसून गेले. तक्त्यावर ती साडेपंधरा वर्षं म्हणजे नुसती गर्दी आहे, नावांची. पण औरंगाबादच्या, नांदेडच्या वस्तीत ज्याचं घर जळलं त्याला ती गर्दी दिसत नव्हती. त्याला दिसत होतं की कुणीही आलं तरी ठराव तसाच पडून आहे. खुर्चीवरचा बदल आणि राज्यातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी तक्रार भाषेबद्दल. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझा धंदाच शब्दांचा.

१९७८ च्या जुलैत शरद पवार वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पुलोदचे मुख्यमंत्री झाले, वय ३७. या घटनेचं वर्णन आपण गेली पंचेचाळीसहून जास्त वर्षं एकाच शब्दाने करतो. कुठला? (श्रोत्यांतून : खंजीर!) बघा. सगळ्यांना पाठ. बारामती इथून जवळ आहे म्हणून जरा हळू आवाजात म्हणालात, पण पाठ आहे. आता माझा प्रश्न, खंजीर या शब्दाने आपल्याला कळतं काय? कुणीतरी कुणाच्यातरी पाठीत काहीतरी केलं. म्हणजे ही दोन माणसांची गोष्ट झाली. यात मतदार कुठे आहे?

फेब्रुवारी १९७८ चा निकाल बघा. २८८ जागा. जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. बहुमत कुणालाच नाही. सर्वांत मोठा जनता पक्ष, तो बाहेर बसला. ज्या दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, एकमेकींना नाही नाही ते बोलल्या, त्या निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्याचे पहिले. चार महिन्यांत ते मोडलं आणि पवार जनता पक्षाबरोबर गेले. आता मला सांगा, मतदाराशी प्रतारणा मार्चमध्ये झाली की जुलैमध्ये? की दोन्ही वेळा? की मतदारानेच कुणाला स्पष्ट कौल न दिल्यामुळे प्रतारणा हा शब्दच इथे लागू पडत नाही? मला वाटतं, शेवटचा प्रश्न खरा विचारण्यासारखा आहे. मी उत्तर देत नाही. पण खंजीर शब्द उच्चारला की हे तिन्ही प्रश्न मरतात. रूपक फार चटकदार असलं की ते विचार सोपा करत नाही, संपवतं.

असंच प्रत्येकाला एकेक लेबल. शंकरराव चव्हाण म्हणजे हेडमास्तर. बाबासाहेब भोसले म्हणजे विनोद. भोसल्यांचे किस्से सांगून आपण अजून हसतो. ते स्वतःही हजरजबाबी होते, बॅरिस्टर होते, स्वातंत्र्यलढ्यातले होते. पण जरा तारखा लावून बघा. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले गेले. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. भोसल्यांनी शपथ घेतली २१ जानेवारीला. म्हणजे मुंबईच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप सुरू झाला तेव्हा जुने निघालेले आणि नवे यायचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांचं बंड. आपल्या दौंड-शिरूरमधली किती घरं तेव्हा गिरणीच्या मनिऑर्डरवर चालायची! ती मनिऑर्डर थांबली. आणि त्या वर्षाची आपली आठवण काय, तर मुख्यमंत्री गमतीदार होते. असं कसं चालेल?

जून १९८० पासून मार्च १९९५ पर्यंत मोजा. अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव, पवार, सुधाकरराव नाईक, पुन्हा पवार. खुर्चीवर माणूस आठ वेळा आला. निवडणुकीच्या निकालातून थेट आलेला त्यांत एकच, अंतुले. बाकी सात वेळा मतदार घरी होता. वसंतदादा तर १९८५ ला निवडणूक जिंकले आणि तीन महिन्यांत गेले. निलंगेकर एम. डी. परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर गेले, वर्षभरही राहिले नाहीत. आणि याच अस्थिर काळात, १९८३ मध्ये, वसंतदादांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाचा तो निर्णय. माझ्यासारखे अनुदानित कॉलेजातले मास्तर तेव्हा नाकं मुरडत होते. आमचं निम्मं खरं ठरलं, देणग्यांचा बाजार झाला. निम्मं खोटं ठरलं, कारण इथल्या उसाच्या पट्ट्यातली पोरं इंजिनियर झाली, त्यातली काही आज हा कार्यक्रम परदेशातून बघतायत. एका निर्णयात दोन्ही असू शकतं. लेबलात ते मावत नाही.

आणि हो, तक्त्यावर वीस फोटो, बाई एकही नाही. प्रतिभाताई पाटील १९७९ ला याच विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. पुढे राष्ट्रपती झाल्या. मुख्यमंत्री नाही. एवढं सांगून पुढे जातो. कारण यावर माझ्यापेक्षा इथल्या भगिनींनी बोलावं.

आता अलीकडचं. इथे तुम्ही सावरून बसलात, मला दिसतंय. घाबरू नका, कुणाच्या पक्षाचं मी बोलत नाही.

२००४ ला सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होते, त्यांच्या नेतृत्वाखाली आघाडीने निवडणूक जिंकली. शपथ घेतली विलासराव देशमुखांनी. आघाडीत जागा जास्त कुणाच्या? राष्ट्रवादीच्या, ७१. काँग्रेसच्या ६९. तरी मुख्यमंत्री काँग्रेसचा. २०२४ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना महायुतीने निवडणूक जिंकली. शपथ घेतली देवेंद्र फडणवीसांनी, कारण भाजपच्या १३२ जागा होत्या. म्हणजे एकदा संख्या मोठी असून पद मिळालं नाही, एकदा संख्या मोठी म्हणून मिळालं. दोन्ही घटनेला धरून. मधे २०१९. १०५, ५६, ५४, ४४ हे आकडे तुम्हाला झोपेत विचारले तरी सांगाल. पहाटेची शपथ, मग उद्धव ठाकरे, मग जून २०२२. त्या पाच वर्षांच्या विधानसभेत बहुतेक प्रत्येक मोठ्या पक्षाने कधी ना कधी सत्ता भोगली, आणि प्रत्येकाने सांगितलं की जनादेश आमच्याकडेच होता. जो शब्द सगळ्यांनाच लागू पडतो, तो कशाचंच वर्णन करत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो.

पाच वर्षांची विधानसभा पूर्ण सांभाळणारे मुख्यमंत्री किती? दोन. वसंतराव नाईक आणि २०१४ ते २०१९ चे फडणवीस. पासष्ट वर्षांत दोन. तेव्हा स्थिरता हा आपला नियम आणि पडझड हा अपवाद, असं जे आपण धरून चालतो ते उलटं आहे.

शेवटचा मुद्दा, आणि तो वरवंडचा आहे. मुख्यमंत्री तुम्ही थेट निवडत नाही. सरपंच? थेट निवडता. पण कधीपासून? २०१७ ला फडणवीस सरकारने थेट सरपंच आणला. २०२० ला ठाकरे सरकारने काढला. २०२२ ला शिंदे सरकारने परत आणला. पाच वर्षांत तीनदा नियम बदलला. पद्धत कुठली चांगली यावर मतभेद असू शकतात, मलाही दोन्ही बाजूंचं पटतं. पण तुम्हाला, इथे बसलेल्यांना, ग्रामसभेत कुणी विचारलं होतं का? (श्रोत्यांतून : नाही.) आणि पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. ठाकरे होते, शिंदे आले, फडणवीस आले. न्यायालयात आरक्षणाचं प्रकरण होतं, प्रभागांचा वाद होता, ही कारणं खरी आहेत. पण यशवंतरावांनी १९६२ ला जी सत्ता खाली दिली होती, ती तिघांच्या काळात अलगद वर परत गेली. आणि या काळात टीव्हीवर रोज चर्चा कशाची, तर मुख्यमंत्री कोण होणार. तुमच्या शाळेची कौलं, दवाखान्यातली रिकामी जागा, पाणंद रस्ता, हे ज्याला विचारायचं तो सदस्यच अस्तित्वात नव्हता, आणि त्याची उणीव फारशी कुणाला जाणवली नाही, कारण आपलं सगळं लक्ष तक्त्यावरच्या शेवटच्या चौकटीकडे. खरी चिंता मला याची वाटते.

तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला असते. त्या एका रात्रीसाठी कोण पाणी देणार, कोण जेवण करणार, दिंड्या कुठे उतरणार, हे गाव बसून ठरवतं. मुंबईहून कुणी यादी पाठवत नाही. गावाला कारभार येत नाही असं कुणी म्हणायला लागलं, तर मला ती रात्र आठवते.

बस. मी फार बोललो. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका विद्यार्थिनीने विचारलं : सर, मग परीक्षेत पहिले मुख्यमंत्री कोण लिहायचं?)

यशवंतराव चव्हाण लिही बाळ. मार्क घालवू नकोस. घरी गेल्यावर वहीत खेर, खरे आणि बुर्गुल ही तीन नावं लिहून ठेव. मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर उपयोगी पडतील.

(एका शेतकऱ्याने विचारलं : कालव्याचं आवर्तन कुठल्या मुख्यमंत्र्याच्या काळात वेळेवर यायचं?)

वा. हा खरा प्रश्न! याचं उत्तर तक्त्यावर नाही, पाटकऱ्याच्या नोंदीत आहे. खडकवासल्याचं पाणी, पुण्याची वाढती तहान, कालवा सल्लागार समितीची बैठक, आणि शेवटी तुमचा व्हिक्टोरिया तलाव. प्रत्येक वर्षी पाणी कधी सुटलं, इथे कधी पोचलं, याच्या तारखा कुणी लिहून ठेवल्यात का? हात वर करा. एकच? किती वर्षांच्या? एकोणीसशे ब्याऐंशीपासून! काका, तुम्ही जाऊ नका. चहा घेताना मला ती वही कशी ठेवलीय ते सांगा.